आधी जावईबापूंना उठवा

उद्धट माणसाला सरळ कसं करायचं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने माझ्याकडे यावं. मी एसटीत कंडक्टर आहे. मुखेड ते नांदेड आणि मुखेड ते देगलूर या रस्त्यांवर मी जेवढे उद्धट लोक बघितले, तेवढे तुम्ही टीव्हीवरच्या चर्चेतही बघितले नसतील. सुट्टे मागितले म्हणून डोळे वटारणारे, थांबा नसताना घंटी मारणारे, शेळीचं तिकीट काढणार नाही म्हणून भांडणारे. मी कधी आवाज चढवला नाही. माझ्याकडे एकच औषध आहे. समोरचा पेटला की शांतपणे विचारायचं, "गाव कोणतं म्हणलात? कुणाच्या घरचे?" आपल्या भागात थोडं खोदलं की नातं लागतंच. त्याची आत्या आमच्या साडूच्या गावात दिलेली निघते, आणि एकदा पाहुणा निघाला की माणूस विरघळलाच म्हणून समजा. राखीव सीटवर आडवा झालेला एक पैलवान एकदा माझी कॉलर धरायला उठला होता. उतरताना तो मला शेंगांची पिशवी देऊन गेला.

त्यामुळे मोबाईलच्या गेममध्ये कुणीतरी मला शिव्या घालायला लागला, तेव्हा मला राग आला नाही. मला त्याची कीव आली.

आता माझ्या वयाचा माणूस गेम का खेळत होता, हेही सांगतो. पाण्यासाठी.

त्या वर्षी अधिक श्रावण होता, म्हणजे धोंड्याचा महिना, आणि आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. गल्लीत टँकर यायचा तो त्याच्या मर्जीने. आला की ज्याची जेवढी भांडी तेवढं त्याचं पाणी. शेजारच्या पार्वतीबाईंकडे ड्रमांची रांग होती. आमचा सिमेंटचा हौद तडकलेला, त्यात ओतलेलं पाणी आमच्याआधी जमीन प्यायची. आमची सिंधु घागरी, पातेली, कुकर, सगळं मांडायची आणि मग माझ्याकडे अशी बघायची की मीच पाऊस अडवून ठेवलाय.

तेवढ्यात नव्या जिल्ह्याची हवा सुटली. उदगीर जिल्हा होणार, मुखेड त्यात जाणार की नांदेडातच राहणार, यावर चहाच्या टपऱ्या तापल्या होत्या. नव्या जिल्ह्यासाठी जी समिती निघाली, तिने तरुण पोरं जमवायला मंगल कार्यालयात मोबाईल गेमची स्पर्धा ठेवली. पहिलं बक्षीस काय, तर हजार लिटरची काळी पाण्याची टाकी!

"ती टाकी घरी आली पाहिजे," सिंधु म्हणाली. "तुमी दोघं दिसभर त्याच्यात बोटं घालून बसताव, त्याचा कायतरी उपेग होऊ द्या."

दोघं म्हणजे मी आणि माझा मेहुणा व्यंकटी. व्यंकटी आमच्याकडेच राहतो आणि नोकरी शोधतो. निदान मोबाईलमध्ये तरी शोधत असतो.

गेम सोपी आहे. विमानातून बेटावर उड्या मारायच्या, बंदुका गोळा करायच्या, बाकीच्यांना मारायचं. शेवटी ज्याचे गडी उरतील तो जिंकला. गोळी लागून आपला गडी आडवा झाला, तर त्याच्याजवळ बसून त्याला उठवता येतं. संघात चार जण लागतात आणि खेळता खेळता एकमेकांशी बोलता येतं. तिसरा गडी आम्ही ईश्वरप्पा घेतला. त्याचं बसस्टँडवर रसवंतीगृह आहे आणि तो कशालाही फक्त "हाव", म्हणजे हो, म्हणतो. चौथा व्यंकटीने ऑनलाइन शोधला. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गेममधलं नाव होतं 'उदगीरचा बाप'.

खेळायला पोरगा वाघ होता. पण तोंड!

"ए म्हाताऱ्या, झाडाला काय चिकटलास सरड्यासारखा? पळ की!"

"कोन हाय रे हा? ह्याच्यापेक्षा म्हशीच्या शिंगाला मोबाईल बांधला अस्ता तर बरा खेळला अस्ता!"

"मुखेडवाल्यांनो, नवा जिल्हा झाला की आमच्यातच येणार हाव तुमी. आत्तापासून हुकूम ऐकायची सवय लावा!"

मी टाकीबद्दल विचारलं तर म्हणाला, "टाकी तुमी घ्या न्हाईतर डोक्यावर घाला. मला नुसतं जिंकायचंय." म्हणजे तो प्रश्न मिटला होता. ईश्वरप्पाच्या दुकानाला बोअर होतं, त्यानेही "हाव" म्हणून टाकी सोडली.

"दाजी, त्याला म्यूट करा," व्यंकटी म्हणाला. "एक बटन दाबलं की त्याचा आवाज बंद."

"छट," मी म्हणालो. "म्यूट करणं म्हणजे भांडकुदळ प्रवाशाला माळरानावर उतरवून देणं. ज्याला माणसं हाताळता येत न्हाईत त्यानं करायचं काम ते. बघ आता कंडक्टरची कमाल."

दुसऱ्या दिवशी सरावात मी आणि तो उदगीरचा पोरगा गेममधल्या एका दगडाआड दबून बसलो होतो. वरून गोळ्या चालल्या होत्या. मला ही वेळ योग्य वाटली.

"बापराव," मी म्हणालो, "उदगीरात घर कुणीकडं?"

"आँ? अबे गोळ्या चालू हायत!"

"त्या चालू द्या. मूळगाव उदगीरच, का बाहेरून आलेले?"

"डाव्या बाजूनं दोघं येऊन राहिलेत, तिकडं बघ!"

"बघतो. लग्न झालंय का?"

"झालंय! यंदाच झालंय! गोळी मार!"

"सासरवाडी कोणती?"

"लोहा! मार की!"

आता धागा हाती लागला होता. आमच्या सिंधुचं माहेर लोह्याचं. मी ओल्या मातीत पाय रोवावा तसा बसलो. "लोह्यात कुणाचे जावई?"

"शेषेरावांचे! आता तरी मार!"

मागून झारा पडल्याचा आवाज आला. सिंधु स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. शेषेराव म्हणजे तिच्या चुलतबहिणीचे, केवळाबाईचे मालक.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे तर आपल्या केवळाक्काचे नागनाथराव जावई!"

आणि तिने काय करावं? डोक्यावर पदर घेतला आणि मोबाईलपुढे वाकून म्हणाली, "बापू, बरे हाव ना? पोरगी बरी हाय ना? मी सिंधुमावशी बोलून राहिले."

पलीकडून एक अगदी बारीक आवाज आला, "हाव मावशी. बरंय." पुढच्या क्षणी आम्ही दोघेही मेलो, पण मी जिंकलो होतो. मी व्यंकटीकडे बघून मिशीवरून हात फिरवला.

तीच मिशी पुढे किती खाली यायची होती, हे मला तेव्हा कळलं नाही. पाहुणा निघाला की माणूस विरघळतो हे खरं आहे. पण पाहुण्यांत एक जात अशी असते की ती निघाली तर आपणच विरघळायचं असतं. ती जात म्हणजे जावई. आणि तोही लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याच्या महिन्यातला! इतका ताजा जावई म्हणजे घरातला चालता-बोलता देव.

त्या दिवसापासून सरावाला सिंधु पाट घेऊन शेजारी बसायला लागली.

"अरे काय म्हणताव? अहो म्हणा जावयाला."

"चांगली बंदूक तुमी का घेतली? ती बापूंना द्या."

"त्यांच्याआधी घरात घुसताव? काही रीत?"

शत्रूच्या घरात कुणी आधी घुसायचं, यात कसली आलीय रीत? पण मी दारात थांबून "यावं बापू" म्हणायचो आणि तेवढ्यात कुणीतरी माझं डोकं उडवायचं. हेल्मेट सापडलं की त्यांना. औषधाची पेटी सापडली की त्यांना. मी मात्र हातात तवा घेऊन लढायचो. त्या गेममध्ये तवाही मिळतो, आणि जावयाच्या सासरच्या माणसाला तोच शोभतो.

बरं, नागनाथरावांचं तोंड तरी सुधारावं? तेही नाही. मावशी ऐकते म्हणून त्यांनी शिव्यांना नुसता मान दिला.

"अहो मामा, डोकं घरी खुंटीला अडकवून आलाव का?"

"मामा, आपण बैलासारखे सरळ रेषेत का पळता?"

अपमान तोच, फक्त आता मला उलट उत्तर द्यायची सोय राहिली नव्हती. एकदा मी नुसतं "हळू बोला की" म्हणालो, तर ते रुसले. सरावाला आलेच नाहीत. सिंधुने तेव्हा माझ्याकडून मोबाईलवर असा माफीचा मजकूर वदवून घेतला की मी तसा आमच्या आगारप्रमुखांपुढेही कधी वाकलो नव्हतो.

"म्यूट करा दाजी," व्यंकटी परत म्हणाला.

"जावयाला?" सिंधु त्याच्यावर अशी खेकसली की तो गच्चीवर जाऊन बसला.

स्पर्धेच्या दिवशी मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. स्टेजवर 'जिल्हा आमच्या हक्काचा' असा फलक, आणि फलकाखाली ती टाकी. काळीभोर, नवीकोरी. सिंधु पहिल्या रांगेत बसून तिच्याकडे बघत होती. टाकी कुठे ठेवायची, कोणत्या बाजूला नळ काढायचा, हे तिचं ठरलेलं होतं. तिने ओटा सारवूनही ठेवला होता, तोही प्यायच्या पाण्यातून वाटीभर काढून.

नागनाथराव आले. त्यांच्या लग्नात मी ड्युटीवर होतो, त्यामुळे मला वाटलं होतं कुणी तगडा, मिशीवाला गडी असेल. आला तो काडीसारखा, चष्मा लावलेला पोरगा. माझ्या पाया पडला, सिंधुच्या पाया पडला, आणि चहा विचारला तर मान खाली घालून लाजला. याच्या तोंडून म्हशीची शिंगं कशी निघाली असतील, कळेना. कानाला हेडफोन लावला, तेव्हा कळायला लागलं.

शेवटच्या डावात व्यंकटी लवकर मेला. ईश्वरप्पाला "मागं कुणी हाय का?" विचारलं, तो "हाव" म्हणाला आणि मेला. उरलो आम्ही दोघे, आणि समोर एकच शत्रू, कुठेतरी गवतात लपलेला. तेवढ्यात गोळी आली आणि नागनाथराव आडवे झाले.

"मामा, मला सोडा," ते हळूच म्हणाले. "झोपून ऱ्हावा. तो उठंल तवा मारा."

सल्ला योग्य होता. मी झोपलो. पण हा सगळा खेळ मोठ्या पडद्यावर दिसत होता, आणि पहिल्या रांगेतून आवाज आला, "अहो, झोपताव काय? आधी जावईबापूंना उठवा!"

अख्खं कार्यालय वळून बघायला लागलं. लोह्याकडचेही चार लोक होते. जावई आडवा पडलेला आणि सासरा गवतात झोपलेला, हे चित्र लोह्याला जाऊन चाललं नसतं. मी उठलो आणि भर मैदानातून त्यांच्याकडे निघालो, हातात तवा नसून बंदूक आहे एवढंच समाधान. जवळ जाऊन बसलो. पाठीमागे शत्रू गवतातून आरामात उठला, हे मला दिसलं नाही. नागनाथरावांना दिसलं.

"वळ की रेड्या!" ते ओरडले.

त्यात अहो नव्हतं, मामा नव्हतं. मी इतका दचकलो की गर्रकन वळलो आणि बोट दाबलं गेलं. शत्रू पडला. आम्ही जिंकलो.

टाळ्या मात्र वाजल्या नाहीत. जावयाने सासऱ्याला चारचौघांत रेडा म्हटलं होतं, आणि टाळी वाजवावी की नाही हे कुणाला कळेना. नागनाथरावांनी हेडफोन काढला. चेहरा पांढराफटक. "चुकलं मामा," एवढं म्हणून ते चप्पल शोधायला लागले.

सिंधुने माझ्या दंडाला धरलं. "धोंड्याच्या महिन्यात जावई न जेवता दारातून चालला. केवळाक्काला काय सांगू मी? घरी धोंडे उकडून ठेवलेत. थांबवा त्यांना."

माणसं हाताळायची वेळ आली की मी असा फुलतो. मी माईक घेतला. आपल्याकडे एक जुनी रीत आहे. पाहुण्याला आपली चांगली वस्तू दाखवून "घेऊन जा की" म्हणायचं असतं, आणि पाहुण्याने "छे छे, नको" म्हणायचं असतं. दोघांचा मान राहतो, वस्तू घरात राहते. शिवाय टाकी नको हे तर त्यांनी स्वतःच आधी सांगितलेलं.

"बापू," मी म्हणालो, "रागावायचं काय त्यात? रेड्याला रेडा म्हणलं तर बिघडलं काय? ही टाकी तुमच्यामुळं मिळाली. धोंड्याचं वाण समजा आणि घेऊन जा."

आता टाळ्या कडाडल्या. मी हसत "छे छे, नको"ची वाट बघत होतो. नागनाथरावांनी मान खाली घातली, लाजले, आणि म्हणाले, "हाव."

नंतर समजलं की केवळाबाईंनी त्यांना निघताना फोनवर बजावलं होतं, धोंड्यात सासरचं माणूस जे देईल त्याला नाही म्हणू नये.

ते आमच्याकडे धोंडे जेवले, तूप मागून घेतलं, माझ्या पाया पडले. टेम्पोवर टाकी बांधायला दोर कमी पडला, तो मीच दिला. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत सिंधु दारात उभी होती. माझ्याकडे वळली तेव्हा मला वाटलं, आता भडकणार. पण तिने सारवलेल्या ओट्यावर एक घागर नेऊन ठेवली आणि आत गेली. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. कुकर, परात, माझा डबा, सगळं भरून झालं तोच मोबाईल वाजला. नागनाथराव गेममध्ये आले होते.

"मामा, टाकी लई मस्त हाय. आमच्या बोअरला पाणी भरपूर, तवा तिच्यात हरभरा भरलाय. डाव लावू का? पण कालच्यासारखं म्हशीवानी खेळू नका, अहो."

सिंधु ऐकत नाही ना, हे मी बघितलं. मग व्यंकटीला गच्चीवरून खाली बोलावलं आणि हळूच विचारलं, "ते म्यूटचं बटन कुठं असतं म्हणलास?"