मावळतीची भिंत

गायकवाड काका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावतात. नमस्कार नंतर. आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात भिंतीला टेकवायचा, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं, "ताप हाय."

आम्ही लातूरकडची माणसं. पुण्याजवळ भूगावला फ्लॅट घेतला तेव्हा शेजारी म्हणून काका पहिल्यांदा घरी आले. बायकोनं कौतुकानं पेढे पुढं केले. काका सरळ बेडरूममध्ये शिरले, भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "लई ताप हाय. पेशंट न्हाई वाचायचा." बायकोचा चेहरा उतरला. काकांनी मात्र पेढे दोन घेतले.

उभा जन्म त्यांनी घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले होते. कुणाच्या घरी मीटर कसा पळतो हे पाहून पाहून त्यांना विजेचाच राग आला असावा. "भिंत दिसभर ऊन पिती आन् रातच्याला वकती. तुमी एसी लावून ते निस्तरताय," असं ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही ऐकवत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची कायम रिकामी असे.

गंमत म्हणजे लताकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वतःच्या घरात रोज दुपारी नेमक्या सगळ्यात तापलेल्या भिंतीशी बसायच्या. काचबिंदूनं त्यांची नजर पार गेलेली. भिंतीला तळवा लावून त्या लसूण सोलत. काका कावायचे, "आगं, भाजशील की! सरक हिकडं!" काकू ढिम्म.

निवृत्त झाल्यावर काकांनी जाहीर केलं, "माल्याला घर बांदतुया. लाकडाचं." मुळशीतलं माले हे त्यांचं मूळ गाव, तिथं भाताची थोडी जमीन. मुळशीच्या पावसात लाकडाचं घर म्हटल्यावर गावाला हसायला निमित्तच मिळालं. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, वाळवीला आवतन धाडलंय का?"

"तिला जोतं चढू देईन तवा ना!" काका म्हणाले.

आणि खरंच, त्यांनी दगडाचं उंच जोतं घातलं. त्यावर औषध पाजलेल्या लाकडाचे खांब, पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून दाबलेल्या जाड तुळया. भिंती फळ्यांच्या, दुहेरी, आणि मधल्या पोकळीत चुना कालवलेलं भाताचं तूस ठासून भरलेलं. पावसाची झड भिंतीला लागू नये म्हणून छपराची वळचण इतकी पुढं काढली की घरानं टोपी डोळ्यांवर ओढल्यासारखं दिसे. मावळतीला मात्र एकही खिडकी नाही. आसपासचे बंगलेवाले डोंगर दिसावा म्हणून त्याच बाजूला काचा लावतात. काकांचं म्हणणं एकच, "मावळतीला खिडकी म्हंजी घरात शेगडी."

काकूंनी अख्ख्या घरात एवढं एकच मागितलं होतं: मावळतीला खिडकी. त्या बाजूच्या डोंगरावर त्यांचं माहेर.

मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होतो. काका बोलून गेले, "तुला दिसतंय कुटं? खिडकी घिऊन करायचंय काय?"

मी ताटाकडे बघत राहिलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हा माणूस अजिबात आवडला नाही.

काकू शांतपणे म्हणाल्या, "मग तुमी ऱ्हावा तुमच्या लाकडात. मी हितंच बरी."

घर झालं. बुद्धवंदना झाली, खीर वाटली. "चार दिस ऱ्हाऊन बघ, न्हाई पटलं तर जा माघारी," अशा बोलीवर काकूंना नेलं. मे महिन्यात मी गेलो. बाहेर डोकं फुटायची वेळ आणि आत माठाजवळ बसल्यासारखं गार. काकांनी माझा हात धरून सगळ्या भिंतींवरून फिरवला. "हाय का ताप? हाय का कुटं?" नव्हता. मीसुद्धा मनापासून म्हटलं, "काका, जिंकलात."

तेवढ्यात काकू उठल्या. पालथा हात लावत, अगदी काकांसारखाच, एकेक भिंत चाचपत निघाल्या. मधेच थांबल्या.

"आवो, दुपार कलली का?"

"कवाच."

"मग मावळत कुटली? तितं फ्लॅटात भिंत तापली की मला कळायचं, माहेर ह्या अंगाला हाय. हितं समद्या सारख्याच गार." हात खाली घेत म्हणाल्या, "मला भूगावला सोडा."

काकांनी आपला हात त्या गार भिंतीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पाऊस लागायच्या आत मी पुन्हा गेलो, तेव्हा काकू तिथंच होत्या. मावळतीची भिंत कापून तिच्यात खिडकी बसवली होती. जोत्याशी तुसाचा ढीग पडलेला. खिडकी इतकी खाली होती की उभ्या माणसाला वाकावं लागे. काकू पाटावर बसल्या होत्या, मांडीवर लसूण, गालावर उतरतं ऊन.

"ह्या वक्ताला भाऊ म्हशी घिऊन उतरत आसंल," त्या म्हणाल्या.

"व्हय," काका म्हणाले.

मी सवयीनं चौकटीशेजारच्या फळीला हात लावला. चटका बसला.

"काका, ताप आहे."

"ऱ्हाऊ दे," ते हळू आवाजात म्हणाले. "तेवढा लागतुया तिला."