आवाज उसवणारे उत्तमकाका

वाटूरच्या उत्तमकाकांसमोर कुणी शिंकलं, तर ते "आजून एकदा!" म्हणत आणि खिशातून माईक काढत.

काका आमचे शेजारी. फाट्यावर त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही स्वस्त झाले, लोक ते दुरुस्त करेनासे झाले, तेव्हा काकांनी औरंगाबादहून एक जुना कॉम्प्युटर आणला. लग्नातलं संगीत त्यावर करायचा त्यांचा विचार होता. त्यात एक प्रोग्राम होता. कोणताही आवाज त्यात घातला की त्याची बारीक फोड होई, आणि पडद्यावरची बटणं फिरवून तोच आवाज नव्यानं बांधता येई.

"कोन्ताबी आवाज म्हंजी शेकडो शिट्ट्या आसतेत," काका मला समजावत. "एकदम वाजतेत, म्हणून आपल्याला एकच वाटती. मी त्या उसवतो, एकेक बाजूला काढतो अन् मंग पुन्हा शिवतो."

बटणांची इंग्रजी नावं त्यांना पटली नाहीत. पडद्याच्या कडेला चिकटपट्ट्या लावून त्यांनी स्वतःची नावं लिहिली. किती शिट्ट्या ठेवायच्या ते ठरवणारं बटण 'गर्दी'. आवाज लांबवणारं 'रबर'. बाईचा आवाज बाप्याचा करणारं 'गळा'. आवाजातला वारा कमीजास्त करणारं 'धाप'. धाप पुरती वाढवली की सरपंचांचं भाषण प्रेशर कुकरसारखं येई. "बदल बिलकुल न्हाई केला," काका म्हणत, "फक्त शब्द काढले."

माझ्या बहिणीच्या लग्नात सनईवाले आलेच नाहीत. परतूरच्या दुसऱ्या लग्नात अडकले होते. वडील डोकं धरून बसले. काका म्हणाले, "भाऊ, सनई माझ्यापाशी तयार हाये. एक नंबर."

अंतरपाट धरला. स्पीकरमधून सनई सुरू झाली. गोड होती, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात गोठ्यातून हंबरडा ऐकू आला, आणि दावं तोडून आमची म्हैस मांडवात शिरली. भटजी खुर्चीवर चढले. नवरदेव भटजींच्या मागे चढला. अंतरपाट शिंगावर घेऊन म्हैस सरळ स्पीकरपाशी गेली आणि त्याला चाटू लागली.

"उत्तमराव, ही सनई केली कशाची?" वडील ओरडले.

"तिच्या रेडकाची," काका शांतपणे म्हणाले. "परवा वरडून राह्यलं व्हतं, तवा भरून घेतलं. पाहा ना भाऊ, म्हशीनं सर्टिफिकेट दिलं!"

वडिलांनी वायर उपटली. लग्न नुसत्या टाळ्यांवर लागलं. त्यानंतर काकांना कुणी ऑर्डर दिली नाही, आणि वडिलांनी तर बोलणंच टाकलं. काका मात्र दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलेले असत. बरं चाललंय का विचारलं तर म्हणत, "उसवून राह्यलो."

दिवाळीला आईनं वडिलांच्या नकळत मला फराळाचं ताट देऊन त्यांच्या घरी धाडलं. आत स्पीकरवर काहीतरी वाजत होतं. बुडुक, बुडुक, ढुम. विहिरीत एकामागून एक नारळ पडावेत तसं.

"हे काय काका, कुणाची पाण्याची मोटार भरून घेतली?" मी हसत विचारलं.

स्पीकरला लागून कौसाकाकू बसली होती, त्यांची बायको. आठ-दहा वर्षांपासून तिला जाडा आवाजच तेवढा ऐकू यायचा. ढग गडगडले, ट्रक गेला, तर कळायचं. बारीक आवाज नाहीच. कानातलं यंत्र लावलं की तिचं डोकं उठायचं.

"सुनीच्या पोरीचं हसू हाये," काका हळूच म्हणाले. सुनी म्हणजे त्यांची लेक, पुण्याला दिलेली. नात आठ महिन्यांची. "फोन कानाला लावला तर ही नुसती हो हो करती. लेकराच्या बारीक शिट्ट्या हिच्या कानात शिरतच न्हाईत. म्हणून एकेक धरून खाली उतरवली, जाडी केली. चार महिने गेले. लई खाली नेली की हसू राहत न्हाई, रडू व्हतं."

काकूचा तळवा स्पीकरवर होता. बुडुक, बुडुक, ढुम. तिचे ओठ हलले, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "किती हसून राह्यलं वो लेकरू! दम लागंल त्याला. पाणी पाजा म्हणावं सुनीला."

काका उठले, पुण्याला फोन लावला, आणि सुनीला म्हणाले, "पोरीला पाणी पाज. तुझी माय सांगून राह्यली."