तीन दशांशाची भानगड

एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण, आणि त्याच्या शिकारीचा परवाना सोडतीत लागायला मोंटानातल्या व्हर्लिन स्टोकीला नऊ वर्षं लागली होती. आज हंगामाचा पहिला दिवस. पिकअपमध्ये सामान भरलं होतं, घरी भरलेली चाळीस काडतुसं तयार होती. दुकानातली काडतुसं वापरणाऱ्याला व्हर्लिन शिकारी म्हणायचाच नाही, गिऱ्हाईक म्हणायचा. न्याहारी झाली, आता निघायचं. पण जाता जाता काडतुसातली दारू तोलायचा काटा तपासायची त्याला अवदसा आठवली.

पन्नास ग्रेनचं, म्हणजे जेमतेम सव्वातीन ग्रॅमचं, पितळी वजन त्यानं काट्यावर ठेवलं. काट्यानं पन्नास पूर्णांक तीन दशांश दाखवलं.

"मर्ना! काटा खोटं बोलतोय!"

"केवढ्यानं?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"तीन दशांश ग्रेन!"

"म्हणजे किती?"

"चिमूटभर मीठ असतं ना, त्याच्याहून कमी."

मर्ना पुन्हा भांड्यांकडे वळली.

शिकारीचा जोडीदार, शेजारचा ओडेल, स्वतःचा काटा घेऊन धावत आला. त्यावर तेच वजन ठेवलं, तर तिथंही पन्नास पूर्णांक तीन.

"घ्या! तुझाही बिघडला!"

"आणि तोही नेमका तुझ्याएवढाच," ओडेल हळहळला.

वजनावर संशय घ्यावा, असं दोघांच्याही टाळक्यात आलं नाही. त्यावर कारखान्याचा शिक्का होता ना! मग सगळ्यांत दारू चुकीची पडली असणार म्हणून, गोळी उपटायचं हातोडीसारखं हत्यार आपटून आपटून दोघांनी चाळीसच्या चाळीस काडतुसं उघडली. गॅरेजात लोहारकाम चालल्यासारखा आवाज दुमदुमला.

मर्ना कॉफी घेऊन आली. तिनं ते वजन उचललं आणि नाक मुरडलं.

"हे ओशट कशानं झालंय? बेकन खाऊन हात धुतलेस का रे?"

व्हर्लिननं आपल्या बोटांकडे पाहिलं. मर्नानं वजन एप्रनला खसाखसा पुसलं आणि काट्यावर ठेवलं. नेमकं पन्नास!

कुणी काही बोलायच्या आत ओडेलनं व्हर्लिनचा दंड धरला. "हलू नकोस. खिडकीतून बघ."

मर्नाच्या कोबीच्या वाफ्यात एक दांडगा एल्क नर उभा होता आणि सावकाश कोबी चघळत होता. व्हर्लिननं एका हातानं बंदूक उचलली आणि दुसऱ्या हातानं टेबल चाचपलं. रिकामी नळकांडी, सुट्या गोळ्या, दारूचा ढीग.

"ओडेल, तुझ्याकडे एखादं तरी?"

"यंदा मीही तूच भरलेली वापरणार होतो ना, बाबा!"

व्हर्लिनला रडू फुटायचंच बाकी होतं. "सातशे पौंड तरी असेल रे," तो पुटपुटला.

"नीट बघून सांग हं," मर्ना म्हणाली. "तीन दशांश इकडे तिकडे व्हायला नको."