बाजारातला सूर्य

धाड गावच्या आठवडी बाजारात मी एकदा भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकापुढे तळहात पसरून विचारलं होतं, "महाराज, माझी बदली कधी होईल?"

नुकती शाळेत लागले होते. अक्कल कमी, शिष्टपणा पोतंभर. कांद्याच्या ढिगाशेजारी सतरंजी, तिच्यावर ग्रहांचा तक्ता, मागे दाढीवाला माणूस. दुसरं कोण असणार? त्यांनी भिंग लावून हात बराच वेळ न्याहाळला अन् म्हणाले, "बाई, तुमच्या नशिबात खडू लय हाय. हात धुवत जा."

हे रऊफ सर. बुलडाण्याच्या कॉलेजात शिकवायचे, अन् बाजाराच्या दिवशी रजा टाकून, जीपच्या टपावर दुर्बीण बांधून धाडला यायचे. दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य पाडायचे. बशीएवढा सूर्य, त्यावर तिळाएवढे डाग. मिरच्या घ्यायला आलेली बाई थबकली की सरांचा प्रश्न तयार.

"काय दिसते, मावशी?"

"डाग."

"काऊन असतीन?"

"करपला असंन."

उत्तर चुकलेलं चालायचं. न बघता पुढे गेलेलं चालायचं नाही.

प्राचार्य भडकले. "कॉलेजची इज्जत बाजारात मांडली तुम्ही."

"इज्जत नाही सर, दुर्बीण मांडली."

बाजार सोडा नाहीतर विभागप्रमुखाची खुर्ची सोडा, असा निरोप आला. सरांनी खुर्ची सोडली आणि पेढे वाटले. "मिटिंगा वाचल्या," म्हणाले.

मग कॉलेजात टॅब आले. त्यात सूर्य गरगर फिरायचा, सोबत गोड आवाजात माहिती. "खरा वरते फुकट उभा हाय, अन् हे खोलीत बसून त्याचा सिनेमा पाह्यतात." सरांनी तेच टॅब देऊन पोरांना रोज पुठ्ठ्याचे फोटो काढायला लावले. फोटो भराभर सरकवले, तर डाग चालू लागले. सूर्य स्वतःभोवती फिरतो हे बघून भाजीवाली हातातला काटा विसरली.

आता आम्ही दोघंही निवृत्त. मला नातवंडं झाली, सर अजून बाजारात बसतात. मागच्या खेपेला मी पुठ्ठ्यासमोर उभी राहिले, तर सर खोदून खोदून विचारू लागले. डाग केवढा, एकटा की जोडीनं, कडा कशी. मी चेष्टा केली, "सर, आता तरी माझी परीक्षा घेणं सोडा."

सर हसले नाहीत. डाग दाखवायला त्यांनी पुठ्ठ्यावर बोट टेकलं. ते सूर्याच्या पार बाहेर, कोऱ्या जागी पडलं. माझा चेहरा त्यांना दिसला नसणार, पण मला कळल्याचं त्यांना कळलं.

"डॉक्टर म्हनते, गेलेली नजर येत नाही. पोरगा म्हनते, अब्बा, आता घरी बसा. मी नाही बसत. तुम्ही सांगा बाई, डाग काठाले हाय का मधात? बैजवार सांगा, मले घाई नाही."