ठकीसाठी लावलेलं दार

येसूबाईने भर दुपारी दाराला आतून कडी घातली, तेव्हाच तिचा नवरा बाळाराम म्हणाला होता, "हे काय बरं नाय. लोक काय म्हनतील?"

लोकांचं येसूबाईला काही पडलं नव्हतं. मुरबाडच्या रस्त्यावर नवं डांबर पडल्यापासून कल्याणच्या जीपा नुसत्या उधळल्या होत्या. मागच्या महिन्यात तिचा बोका एका जीपखाली गेला, आणि किती दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आता उरली होती त्याची बहीण ठकी. तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही, असं येसूबाईने ठरवूनच टाकलं. खिडक्यांना खुराड्याची जाळी ठोकली, कौलांतली फट बुजवली आणि दार लावून घेतलं.

"मांजराला कोन कोंडतं गो?" बाळाराम कुरकुरला. "बाहेर उंदीर धरू दे की तिला."

"घरात काय उंदीर कमी हायत? तुमी गप बसा."

पण त्या आळीत दिवसा दार लावायची रीतच नव्हती. दिवसा दार बंद म्हणजे घरात कुणीतरी आजारी, नाहीतर नवरा-बायकोचं जुंपलेलं. घटकाभरात शेजारची कमळाबाई पेजेचं भांडं घेऊन हजर झाली.

"भाऊजींना ताप हाय ना?"

"ताप नाय गो. ठकीला आत ठेवलीय."

कमळाबाईने समजूतदारपणे मान हलवली. मांजराचं निमित्त सांगते म्हणजे भांडणच, हे तिने ओळखलं आणि जाता जाता पलीकडच्या गुणाबाईच्या कानावर घातलं. गुणाबाई आली ती समजूत घालायलाच. तिच्यामागून आळीतलाच लडकू आला. तो बाळारामला कोपऱ्यात नेऊन हळूच म्हणाला, "दादा, या वयात बायकोवर हात उचलू नये." बाळारामने उभ्या जन्मात येसूबाईपुढे आवाजसुद्धा चढवला नव्हता.

येईल त्याला दार उघडायचं, पायाने फट अडवायची, पुन्हा कडी घालायची, येसूबाई अगदी घायकुतीला आली. शेवटी घर माणसांनी भरलं. चहाचे कप वाटता वाटता तिने कणगीकडे पाहिलं, तर तिच्यावर झोपलेली ठकी जागेवर नव्हती. आणि दार सताड उघडं.

येसूबाईच्या हातातला कपच सुटला. सगळ्यांच्या आधी अनवाणी बाहेर धावला तो बाळाराम. त्याच्यामागे सगळी आळी रस्त्यावर उतरली. कुणी मोरीत डोकावलं, कुणी करवंदीच्या जाळीत. बाळाराम तर भर रस्त्यात ओणवा होऊन "ठके, ये गो, ठके" करत होता. तेवढ्यात वळणावरून जीप आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर करकचून थांबली.

ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "ओ मावशी, बाबांना घरात ठेवत जा ना. असं रस्त्यावर सोडतात काय?"

येसूबाईने बाळारामचा दंड घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"ठकी नाय गावली गो."

घराशी येऊन बघतात तर खिडकीच्या जाळीआड ठकी बसलेली. गोधड्यांच्या चवडीत झोप काढून उठली होती, आणि पंजा चाटत रस्त्यावरची गंमत बघत होती.

येसूबाईने बाळारामला आत घेतलं आणि कडी घातली. बाहेरून कमळाबाईचा आवाज आला, "येसू, आता कोन आजारी हाय गो?"

"कोन नाय. आजपासून दोघांनाबी बाहेर सोडायचं नाय."