फाटकातले व्याही

"बाँबच्या कामात अग्निशमन दलाला काही करायचंच नसतं," भाऊंनी केंद्रातून बायकोला फोन करून छातीठोकपणे सांगितलं. "लांब उभं राहायचं. आग लागली तर विझवायची, नाही लागली तर परत यायचं. पाचला मी घरात असतो बघ."

भाऊंच्या छातीठोकपणाचा वहिनींना लग्नाइतकाच जुना अनुभव होता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पोलिसांकडून बाँब बघायला कोण येणार आहे.

भाऊ जरा अडखळले. "व्याहीच येतील की. दुसरं आहे कोण?"

"मग तोंड बंद ठेवा," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भाऊ अग्निशमन केंद्राचे प्रमुख, आणि त्यांच्या मुलीनं पसंत केलेल्या मुलाचे वडील पोलिसांच्या बाँबशोधक पथकाचे प्रमुख. दोघेही आपापल्या घरात प्रमुख नसल्यामुळे बाहेर जरा जास्तच प्रमुख होते. पहिल्या भेटीत व्याह्यांनी चहाचा घोट घेत विचारलं होतं, की तुमच्या कामात नेमकं असतं काय, पाणीच मारायचं ना? त्यावर भाऊ म्हणाले होते, "हो, पण तुमचं त्याहून बरं. काम चुकलं तर जाब द्यायला कोणी उरतच नाही." एवढं बोलून भाऊ मोठ्यानं हसले. एकटेच हसले. व्याह्यांनी कप अर्धाच खाली ठेवला आणि बैठक उठली.

पुढे दोन्हीकडच्या बायकांनी फोनवर फोन करून ते कसंबसं सावरलं होतं. आज संध्याकाळी पाचला ती मंडळी लग्नाची तारीख ठरवायला येणार होती. मुलीनं सकाळीच बापाला बाजूला घेतलं. "बाबा, पळून जाऊन लग्न करणं मला काही अवघड नाही. पण मला तुम्ही समोर हवे आहात. आज विनोद नको, प्लीज." त्या प्लीजवर भाऊ विरघळले. दिवसभरात एकही विनोद करणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. मूर्ती सहा फुटी, पण शब्द देताना आवाज अगदी बारीक झाला होता.

बाँबची धमकी आली होती एका मोठ्या कार्यालयाला. फोन आला, इमारत रिकामी झाली, आणि तळमजल्यावर बाजूच्या दाराला टेकवून ठेवलेली एक बेवारस कापडी बॅग सापडली. बंब मागच्या गल्लीत आणून ठेवायचा आणि कोणाच्या नजरेस पडू द्यायचा नाही, असं पोलिसांनी कळवलं होतं. एवढा लालभडक बंब लपवून उभा करायचा म्हणजे बोहल्यावरच्या नवरीनं माझ्याकडे कोणी बघू नका म्हणण्यासारखंच! गल्लीतल्या झाडून सगळ्या खिडक्या उघडल्या. एका आजीबाईंनी बंबाच्या आरशात बघून केसही विंचरून घेतले.

भाऊंच्या माणसांनी आपली ठरलेली कामं उरकली. गॅस बंद केला, पाण्याचे पाइप भरून तयार ठेवले, आसपासच्या दुकानदारांना समजावून लांब पाठवलं. राहिलं एकच काम, इमारतीची वीज तोडणं. पण आत जायचं ते लोखंडी दांड्यांचं, जमिनीपासून छतापर्यंतचं फिरतं फाटक विजेवर चालत होतं, आणि बाजूच्या दाराला ती बॅग टेकलेली. म्हणजे आधी व्याही फाटकातून आत जाणार आणि मग वीज जाणार. बाँबच्या आसपास वायरलेस आणि मोबाइल दोन्ही बंद ठेवावे लागतात. म्हणून बंदोबस्तावरच्या पोलीस निरीक्षकबाईंनी खूण ठरवून दिली: फाटकाच्या पलीकडे पोचले, की व्याही हात वर करतील.

व्याही आले. अंगात जाडजूड चिलखती पोशाख, डोक्यावर मोठं शिरस्त्राण. दोन गाद्यांमध्ये कपाट गुंडाळून त्याला चालायला शिकवलं तर ते जसं चालेल, तसे ते चालत होते. भाऊंकडे बघून त्यांनी मान हलवली असावी. पोशाखाला मान नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

रस्त्यापलीकडच्या भिंतीआडून भाऊ दुर्बीण लावून बसले. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. व्याही फाटकात शिरले. फाटक हळूच फिरलं. आणि व्याह्यांचा हात वर झाला.

"तोडा वीज," भाऊ म्हणाले.

वीज गेली. फाटक जागच्या जागी थांबलं. व्याहीही थांबले, कारण ते अजून फाटकातच होते. पुढे दांडे, मागे दांडे, हात वर. वर्गात उत्तर येत असूनही बाई विचारत नाहीत अशा मुलासारखे ते उभे होते.

निरीक्षकबाईंनी दुर्बीण मागून घेतली, बघितलं आणि परत दिली. त्यांनी विचारलं, की वीज पुन्हा चालू केली तर? तेवढ्यात आतून घुमणारा आवाज आला, की विजेला कोणी हात लावायचा नाही, ठिणगी उडाली तर सगळेच जाल. म्हणजे लोखंड कापायचं यंत्रही बाद, त्याच्या तर ठिणग्यांची दिवाळीच असते. बाँबशोधक पथकाकडे दुसरा पोशाख होता, पण त्यातला माणूस आधीच्या पोशाखाच्या मागे त्याच फाटकात अडकणार, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

अडकलेला माणूस सोडवणं हे मात्र भाऊंच्या हातचं काम. जाळीत अडकलेली डोकी, नळात अडकलेली बोटं, पातेल्यात बसलेली पोरं त्यांनी आयुष्यभर सोडवली होती. शिवाय होणाऱ्या व्याह्यांना असं कोंडून ठेवून पाचला लेकीला काय तोंड दाखवायचं? त्यांनी पोलिसांची ढाल घेतली, फेसाच्या रसायनाचा डबा उचलला आणि निरीक्षकबाई नाही म्हणायच्या आत निघाले. आगीवर फेस धरायला वापरतात ते हे रसायन. केंद्रातलं जुन्या जातीचं, जनावरांच्या शिंगाखुरांपासून केलेलं. तेलासारखं बुळबुळीत, आणि वास असा, की मेलेला उंदीरही नाक धरून उठून जाईल.

"कोण आहे?" फाटकातून आवाज आला.

"मी. व्याही."

"वीज कोणी घालवली?"

"आम्ही. तुम्ही हात वर केलात ना."

"हात वर केला, कारण तो खाली मावत नव्हता."

भाऊंच्या जिभेवर तत्क्षणी तीन विनोद येऊन उभे राहिले. एकाहून एक सरस. भाऊंनी तिन्ही गिळले, डबा उघडला आणि म्हणाले, की जरा वास येईल, श्वास रोखून धरा.

खांद्यावर ओतलं, पोटावर ओतलं, दांड्यांना चोपडलं. उरलेलं पाठीवरून खाली सोडलं. मग भाऊंनी मागच्या दांड्यांमधून ढालीची कड व्याह्यांच्या पाठीला लावली, पाय भिंतीला टेकवले आणि सगळा जोर लावला. आधी काहीच झालं नाही. मग बाटलीच्या बुचासारखा एक आवाज झाला आणि व्याही सुटले!

सुटले ते आतल्या बाजूला. गुळगुळीत फरशी, त्यावर रसायन, त्यावर व्याही. पोटावर पडून, हात पुढे करून, ते संथपणे घसरत निघाले. थांबायला धरण्यासारखं वाटेत काही नव्हतं. फक्त बॅग होती.

"व्याही, वळा," भाऊ म्हणाले. वळणं अर्थातच त्यांच्या हातात नव्हतं.

शिरस्त्राण बॅगेवर आपटलं. भाऊंनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे त्यांना मुलगी दिसली, आणि लग्नाचा मांडव, आणि त्यात दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्या.

काहीच झालं नाही. भाऊंनी एक डोळा उघडला. बॅग आडवी झाली होती आणि तिच्यातून लोकरीचे गुंडे गडगडत बाहेर येत होते. पिवळा, पांढरा, फिकट हिरवा. मागोमाग दोन सुया आणि अर्धं विणलेलं एक इवलंसं झबलं. निरीक्षकबाईंनी नंतर सगळ्या कर्मचाऱ्यांना विचारलं, बॅग कोणाची? कोणी बोलेना. कार्यालयाचे कडक म्हणून गाजलेले मोठे साहेब मात्र एकटेच आकाशाकडे बघत होते. धमकीचा फोन रजा नाकारलेल्या एका कारकुनाचा निघाला.

बाजूच्या दारानं आत जाऊन व्याह्यांना उठवताना भाऊ तीनदा पडले. चौथ्यांदा दोघे एकमेकांना धरून उभे राहिले. व्याही इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "पाचला येतो."

पाचला मंडळी आली. भाऊ तोवर दोनदा साबण लावून बसले होते, तरी वहिनींनी दारातच नाक मुरडलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तो वास त्यांच्या चांगला ओळखीचा झाला होता. मागोमाग व्याही आत आले, अत्तरात बुडून. अत्तराच्या खालून तोच वास आला. वहिनींनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा व्याह्यांकडे बघितलं आणि काही न विचारता खिडक्या उघडल्या.

चहा झाला. विहीणबाईंनी कौतुकानं विषय काढला, की आज यांच्यावर फार जोखमीचं काम आलं होतं म्हणे. व्याही खाकरले. म्हणाले, हो, शेवटचं अंतर जमिनीवरून सरपटत जावं लागलं. यात खोटं काहीच नव्हतं. सगळ्यांनी श्वास रोखला, काहींनी वासामुळे.

मग होणारा जावई भाऊंकडे वळला. "बाबा, तुम्हीही होतात ना तिथे? प्रत्यक्ष बघितलंत?"

मुलीच्या हातातला ट्रे थांबला. वहिनी पदराशी चाळा करायला लागल्या. व्याही कपात बघत होते, जणू कपातही एक बॅग होती. भाऊंच्या जिभेवर ते तिन्ही विनोद परत आले होते, इस्त्री करून, ओळीत उभे.

"होतो," भाऊ म्हणाले. "पण मी लांब उभा होतो. आम्हाला काय, पाणीसुद्धा मारावं लागलं नाही."

व्याह्यांनी कपातून नजर वर केली. मग समोरची बिस्किटांची बशी त्यांनी स्वतःच्या हातानं भाऊंपुढे सरकवली. मुलीनं ट्रे खाली ठेवला.

तारीख पटकन ठरली. हॉलची चर्चा निघाली. वहिनींनी दोन हॉल सांगितले, एक मोठा, एक जवळचा. कोणता घ्यावा, यावर सगळे एकदम बोलायला लागले. व्याही मात्र गंभीर चेहऱ्यानं विचार करत होते.

"दार किती रुंद आहे?" त्यांनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. भाऊंचा चहा नाकातून बाहेर आला. वहिनींनी त्यांच्या पाठीत गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात चापट्या मारल्या.

"मी मोजून येतो," भाऊ कसेबसे म्हणाले. शब्द दिलेला होता, पण तो तारीख ठरेपर्यंतचाच धरायचा की रात्रीपर्यंतचा, हे मुलीनं सांगितलेलं नव्हतं. "आणि त्या दिवशी विजेला मी हात लावणार नाही."

व्याही हसले. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि भाऊही हसले. या वेळी एकटे नाही. बाकीची मंडळी कशाला हसायचं ते न कळून नुसतीच बघत बसली.

खिडक्या वहिनींनी पुढे तीन दिवस उघड्याच ठेवल्या.