धागा तुटला, जोडून घेतो

शांतवनकाका प्रार्थनेला डोळे मिटतात, पण एकच. उजवा मिटलेला, डावा अर्धा उघडा. नवख्याला वाटतं, हा माणूस कोणाला तरी डोळा मारतोय. परगावच्या एका पाहुणीने तसाच समज करून घेऊन भर उपासनेत जागा बदलली होती.

"दोनी डोळे मिटले की कान उघडत्यात, सर," काका मला समजावतात. "मग लई गोंधळ होतो की."

काका भवानी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. सारा जन्म चादरीच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेला. बिघडलेला माग दुरुस्त करायचा आणि बिघडू पाहणारा आवाजावरून ओळखायचा, हे त्यांचं काम. कारखाना सुटला, पण कान काही सुटले नाहीत. चर्चमध्ये पंखा कुरकुरला, बोळात कोणाची फटफटी सुरू होईना, मागच्या बाकावर कोणी गोळीचा कागद सोडला, की काकांची मान तिकडे वळलीच. आणि मन भरकटलं की ते चोरून ठेवत नाहीत, तिथल्या तिथे मोठ्याने कबूल करतात. "धागा तुटला, प्रभू. जोडून घेतो." मग थोडं मागे जाऊन पुन्हा सुरुवात. त्यामुळे त्यांची प्रार्थना पुढे कमी सरकते आणि मागेच जास्त जाते. आम्ही बाकीचे तेवढ्या वेळात घरी शिजत असलेल्या मटणाचा विचार करून घेतो, पण आमचे डोळे घट्ट मिटलेले असतात, म्हणून आम्ही भाविक.

उपाय काकांनी कमी केले नाहीत. कानात कापूस घालून पाहिला, तर म्हणाले, "आता आतलाच कारखाना ऐकू येतोय." सगळ्यांत पुढच्या बाकावर बसून पाहिलं, तर पाळकसाहेबांचे मोजे दोन वेगळ्या रंगांचे असल्याचं त्यांच्यामुळे सगळ्या मंडळीला कळलं. शेवटी पाळकसाहेबांनीच कंटाळून सल्ला दिला, "काका, विचारांशी भांडू नका. जो विचार येईल तो देवापुढे ठेवा आणि पुढे चला."

हा सल्ला काकांना द्यायला नको होता.

पुढच्याच आठवड्यात सात रस्ता चौकाकडे एका कुटुंबाच्या नव्या फ्लॅटची प्रार्थना होती. काकांनी सुरेख, छापील मराठीत सुरुवात केली. "हे परमदयाळू पित्या, या गृहाबद्दल आम्ही तुझे उपकारस्मरण करितो..." मान मोरीकडे वळली. मग, "आनि प्रभू, मोरीतला नळ गळतोय, आवाज येतोय बग. वायसर गेलाय. आधीच पानी चार दिवसांनी येतंय, त्यात हे आसं. ह्या लोकास्नी नवा वायसर टाकायची बुद्धी दे." आम्ही सवयीने 'आमेन' म्हणून मोकळे झालो. यजमानांनाही म्हणावं लागलं. त्या दिवशी जेवणात काकांच्या पानात रस्साच फार आला, फोडी काही आल्या नाहीत.

सुमनकाकू होत्या तोवर हे इतकं वाढलं नव्हतं. आमच्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसतात. काकू तिसऱ्या बाकाच्या कडेला बसायच्या. काकांची मान वळली की त्या डोळे न उघडता हातातल्या काचेच्या बांगड्या एकदाच वाजवायच्या. छन्न. काकांची मान लगेच खाली! नवऱ्याचं लक्ष उडालंय हे त्यांना मिटल्या डोळ्यांनी कसं कळायचं, देव जाणे. गेल्या वर्षी काकू गेल्या आणि काकांचा डावा डोळा उघडा राहिला तो राहिलाच.

काकूंच्या वर्षाच्या स्मरणाला आभाराची प्रार्थना कोणी करायची, असं पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा काका ताडकन उठले. "मीच करनार. दुसऱ्याला देऊ नका."

तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं. अंगणात येरझाऱ्या घालत पुटपुटायचे, थांबायचे, कपाळावर हात मारायचे. चहाला बोलावलं तर कप हातात घेऊन उभेच. "सर, एकच मागनं हाय. एवढी एक प्रार्थना सलग व्हावी. जन्मभर तिनं माजा धागा जोडला. एवढी बी न्हाय जमली तर काय तोंड दाखवू तिला?" मी बिस्किटं पुढे केली.

रविवारी काका उभे राहिले. पांढरा सदरा, कडक इस्त्री. "हे परमदयाळू पित्या, सुमनबद्दल आम्ही..." पंखा कुरकुरला. मान वर गेली. "धागा तुटला, प्रभू. जोडून घेतो. सुमनबद्दल आम्ही तुझे..." बाहेर भाजीवाली ओरडली. "शेपू आलाय वाटतं. तिला शेपू लई..." काका थांबले. "धागा तुटला," एवढंच म्हणाले. 'जोडून घेतो' आलंच नाही.

मीही डोळे उघडले. काका पलीकडे बघत होते, तिसऱ्या बाकाच्या कडेला. तिथे आज माझी बायको करुणा बसली होती. कोणीतरी खोकलं. प्रार्थना आपल्याकडे घ्यावी म्हणून पाळकसाहेब पुढे झाले.

छन्न.

करुणाचे डोळे मिटलेले होते. मनगट तेवढं हललं होतं.

काकांनी मान खाली घातली. दोन्ही डोळे मिटले. आणि पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत प्रार्थना सरळ गेली. मधे भाजीवाली दोनदा ओरडली, पण मान हलली नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, जमलं की! सलग!"

"कुटं जमलं?" काकांचा चेहरा पडलेला होता. "तोंड देवाशी बोलत हुतं, पन सगळा वेळ डोळ्यापुढं तीच हुती. देवाकडं बगितलंच न्हाय मी. रागावला आसंल का वो?"

माझ्याआधी करुणाच बोलली. "काका, त्या आता त्याच्याजवळच आहेत ना? मग त्यांच्याकडे बघताना तो दिसला नसेल होय?"

काकांनी चपलेचा अंगठा नीट केला. मग "व्हय की," म्हणाले आणि चालू लागले. फाटकापाशी जाऊन परत आले.

"पोरी," ते करुणाला म्हणाले, "फुडच्या रविवारी बी तितंच बसशील का गं?"